इंजिन बोटीचं, पार्ट ट्रॅक्टरचा

प्रति,
नागपूर आणि आसपासच्या जलाशयांवर इंजिनाच्या बोटी बाळगणारी सर्व खाती, मंडळे व मच्छीमार सहकारी संस्था यांच्या भांडार आणि खरेदी शाखा

विषय : जुन्या इनबोर्ड (बोटीच्या पोटात बसवलेल्या) इंजिनांचे सुटे भाग मागवण्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय,

‘वॉटर पंप, बोट इंजिनाचा, ओरिजिनल, १ नग.’ मागणीपत्रात ही ओळ थोड्याफार फरकाने दरवेळी येते. या ओळीवर जाणता माणूस दर देत नाही, आणि जो लगेच देतो त्याच्यापासून जरा जपूनच राहावं. इंजिन कोणतं? जुन्या इनबोर्ड इंजिनाला पाण्याचे पंप बहुधा दोन असतात, एक आतलं पाणी फिरवणारा आणि दुसरा तळ्यातलं पाणी ओढणारा. त्यातला कोणता हवा? ओरिजिनल म्हणजे इंजिन बनवणाऱ्याचा, की ते इंजिन बोटीसाठी तयार करून देणाऱ्याचा? उत्तर नसलेली मागणी फिरत राहते, निविदेला प्रतिसाद येत नाही, आणि दोन वर्षांनी फाइलवर शेरा पडतो : ‘सुटे भाग उपलब्ध नाहीत, निर्लेखन प्रस्तावित.’ इंजिन मात्र ठीक असतं. अडलेलं असतं ते पंपातल्या रबरी चाकाच्या सहा पाकळ्यांसाठी.

आमचं म्हणणं एवढंच आहे की मॉडेलचं नाव लिहून पार्ट मागवणं बंद करा आणि नंबर व माप लिहून मागवा. मग यातला बराचसा माल समुद्राचं तोंडही न बघता नागपुरातच मिळतो.

इनबोर्ड इंजिन हे फार क्वचित मुळापासून बोटीसाठी घडवलेलं असतं. बहुतेक वेळा ते ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर किंवा शेतीच्या पंपाचं इंजिन असतं आणि त्यावर पाण्यात चालण्याची सामग्री चढवलेली असते. लेलँडची मरीन इंजिनं पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींत सर्रास दिसतात, आणि त्याच घराण्यातली इंजिनं ट्रकमध्येही आहेत. पर्किन्सची इंजिनं चेन्नईच्या सिम्पसनने परवान्यावर बनवली. तो वंश आपल्या विदर्भातल्या शेतांत ट्रॅक्टरच्या रूपाने फिरतो आहे. किर्लोस्कर आणि कमिन्सबद्दल वेगळं सांगायला नको. थोडक्यात, प्रत्येक इनबोर्ड इंजिनाला एक माहेर असतं आणि एक सासर. पिस्टन, रिंगा, लाइनर, मेन आणि बिगएंडची बेअरिंगं, व्हॉल्व्ह, गाइड, हेड गॅस्केट, ऑइल पंप, नोझल, डिझेल पंपाचे एलिमेंट ही माहेरची माणसं. पाण्याच्या जॅकेटचा (भोवती पाण्याचं कवच असलेला) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर (तळ्याच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणारा), रॉ वॉटर पंप (तळ्यातलं पाणी ओढणारा), मिक्सिंग एल्बो (धुरात पाणी मिसळणारा), गिअरबॉक्स आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधली डॅम्पर प्लेट ही सासरची. फ्लायव्हील हाउसिंग आणि ऑइल सम्प कधी इकडचे असतात, कधी तिकडचे. इंजिन तिरपं बसवावं लागतं म्हणून सम्प बऱ्याचदा वेगळाच असतो, तेवढं बघून घ्यावं.

एकाच निविदेत ही दोन्ही घरं कोंबली की घोटाळा होतो. ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याला मॅनिफोल्ड कळत नाही म्हणून तो दरच भरत नाही. मुंबईच्या मरीनवाल्याला दोन्ही कळतं, पण तो पिस्टन रिंगांनाही मरीनचाच भाव लावतो. मागण्या दोन करा. माहेरची यादी इथल्या ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटरच्या दुकानांना द्या. सासरची यादी मुंबईचा दारूखाना, भावनगर-अलंग, कोची अशा ठिकाणच्या विक्रेत्यांना पाठवा किंवा इथे बनवून घ्या.

आधी माहेर शोधावं लागेल. बोटीवरच्या पितळी पाटीवर भरवसा ठेवू नका. ती बऱ्याचदा बोट बनवणाऱ्याची किंवा मरीन रूप देणाऱ्याची असते. खरा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, आणि वर्षानुवर्षं मारलेल्या रंगाच्या थरांखाली तो गाडला जातो. तो काढायला ग्राइंडर कधीही लावू नये. रंग काढायचं रसायन, पितळी ब्रश आणि थोडा धीर एवढं पुरतं. ठोकलेला नंबर अक्षरांसकट जसाच्या तसा उतरवायचा. पर्किन्सच्या नंबरातली सुरुवातीची अक्षरंच इंजिनाचं कुळ सांगतात, आणि नोंदवहीत नेमकी तीच गाळून नुसते आकडे लिहिलेले असतात. कमिन्सच्या पाटीवर इंजिन क्रमांकासोबत सीपीएल नंबर (इंजिनात कोणते पार्ट बसवले त्या यादीचा) असतो, तोही हवा. त्याशिवाय एकसारख्या दिसणाऱ्या दोन इंजिनांत पिस्टन वेगळे निघू शकतात.

आणखी एक चूक नेहमीची. मॅनिफोल्डवर किंवा हेडवर उठावाची मोठी अक्षरं असतात, त्यांना लोक पार्ट नंबर समजतात. तो ओतकामाचा नंबर असतो. एकाच ओतकामावर भोकं वेगळी मारून, बाजू वेगळी घासून दोन-तीन वेगळे पार्ट तयार होतात. ओतकाम नंबर शोधायला उपयोगी पडतो, पण त्याच्या जोडीला बोल्टांच्या भोकांमधली अंतरं आणि पाण्याच्या तोंडांचे व्यास दिलेच पाहिजेत. उठावाची अक्षरं पुसट असतील तर त्यावर खडू आडवा फिरवायचा आणि टॉर्च एका बाजूने तिरपा धरून फोटो काढायचा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काहीच वाचता येत नाही.

बेअरिंग आणि पिस्टनबद्दल थोडंच सांगतो. जुनं इंजिन आजवर एकदा तरी उघडलेलं असतंच. म्हणून ‘स्टँडर्ड’ साइज मागवण्याआधी एक मेन कॅप आणि एक बिगएंड कॅप काढून बेअरिंगची पाठ वाचा. तिथे एसटीडी, ०१०, ०२० असं काहीतरी छापलेलं असतं. ०१० म्हणजे क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, आधीच घासलेला आहे. पिस्टनच्या डोक्यावरही ओव्हरसाइज ठोकलेला सापडतो. हे न बघता आलेला संच कपाटात पडून राहतो, आणि लेखापरीक्षणात त्याचं उत्तर भांडारपालाला द्यावं लागतं.

डिझेल पंप बदलण्याची घाई करू नका. पंपाच्या अंगावरची पाटी वाचता येत असेल तर तो जवळजवळ नेहमी दुरुस्त होतो, आणि त्याचं काम करणारी माणसं आणि टेस्ट बेंच शहरात आहेत. इन-लाइन (प्लंजर एका रांगेत असलेल्या) पंपाच्या पाटीवर पीईएस ६ए ९० अशी सुरुवात असेल तर ६ म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाची साइज आणि ९० म्हणजे प्लंजरचा व्यास ९.० मि.मी. पुढची अक्षरंही फिरण्याची दिशा वगैरे सांगतात, तेव्हा सगळी उतरवा. नोझलवर डीएलएलए १५० एस असं असेल तर १५० हा फवाऱ्याचा कोन आहे. दिसायला हुबेहूब पण १४० कोनाचं नोझल बसतं, इंजिन सुरूही होतं, मग धूर करतं आणि पिस्टनचं डोकं जाळतं. मरीन इंजिनाचा पंप ट्रॅक्टरच्या पंपाशी बाहेरून जुळला तरी गव्हर्नरची, म्हणजे फेऱ्या आवरणाऱ्या भागाची, सेटिंग वेगळी असू शकते. म्हणून दुरुस्तीला देताना पाटीवरचा सेटिंग कोड आणि इंजिनाच्या कमाल फेऱ्या चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर बेंचवाला ट्रॅक्टरच्या तक्त्यावरून लावून मोकळा होईल. त्यात त्याची चूक नाही, त्याच्याकडे तोच तक्ता असतो.

जिथे एकाच बोटीत दोन इंजिनं आहेत, तिथे एक इंजिन उलट फिरणारं असू शकतं. त्याचा स्टार्टर, कॅमशाफ्ट आणि क्रँकच्या टोकाचं ऑइल सील, सगळं उलट. सीलच्या ओठाजवळ तिरप्या रेघा असतात त्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे कापलेल्या असतात. सरळ इंजिनाचं सील उलट्यावर लावलं तर ते ऑइल अडवायचं सोडून बाहेर ओढतं.

आता आटे. नागपूरच्या कुठल्याही मिस्त्रीला ‘तीन सुती बोल्ट’ म्हटलं की तो ३/८ इंच समजतो, पण आटे कोणते हे सुतावरून कळत नाही. जुन्या ब्रिटिश घराण्याच्या इंजिनात बीएसडब्ल्यू आणि बीएसएफ या ब्रिटिश मापाचे आटे, नंतरच्यात यूएनसी आणि यूएनएफ या युनिफाइड मापाचे, आणि मधल्या काळात कुणीतरी घुसवलेले मेट्रिक असा मेळा असतो. अर्ध्या इंचात बीएसडब्ल्यूचे इंचाला १२ आटे आणि यूएनसीचे १३, म्हणजे बोल्ट दोन फेऱ्यांत अडतो आणि चूक लगेच कळते. घात ३/८ मध्ये होतो. तिथे दोन्हीकडे १६च आटे आहेत, फक्त कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. बोल्ट हाताने आत जातो, आवळलाही जातो, पण आट्यांची बाजू नीट टेकत नाही आणि हादऱ्याने तो सैल होतो. मॅनिफोल्डच्या स्टडवर हे झालं की गॅस्केट फुंकतं आणि दोष गॅस्केटवाल्यावर जातो. शंभर-दोनशे रुपयांचा थ्रेड गेज भांडारात असावा, त्याहून जास्त काही लागत नाही.

ज्यासाठी सर्वाधिक बोटी बंद पडतात तो रॉ वॉटर पंप. पुस्तकात त्याला बऱ्याचदा ‘सी वॉटर पंप’ म्हटलेलं असतं, म्हणून रामटेकजवळच्या खिंडसी तलावातल्या बोटीसाठीही तेच नाव शोधावं लागतं. आत निओप्रीनचा पाकळ्यांचा इंपेलर, एका बाजूला गनमेटलचा कॅम, वर पितळी झाकण. पाकळ्या कॅमवर दबतात आणि सुटतात, त्यातून पाणी ओढलं जातं. खाऱ्या पाण्यात हा पंप गंजाने जातो, आपल्याकडे गाळाने. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळाचा चिखल सक्शनमधून येतो, झाकणावर आणि कॅमवर रेघा पाडतो आणि पंप पाणी धरेनासा होतो. जलपर्णीने किंवा प्लास्टिकने जाळी बंद झाली की पंप कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत पाकळ्या मुळापासून फाटतात. सुटलेल्या पाकळ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात. नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत असेल तर आधी त्या मोजून बाहेर काढा. सहातल्या दोन सापडल्या नसतील तर त्या आतच आहेत.

या इंपेलरची मागणी अशी लिहावी : ‘रॉ वॉटर पंपाचा इंपेलर, निओप्रीन, बाहेरचा व्यास अमुक, रुंदी अमुक, शाफ्टचा व्यास अमुक, पाकळ्या इतक्या, शाफ्टवरची पकड चावीची की पिनची की स्प्लाइनची, पंपाच्या घराचा आतला व्यास आणि खोली अमुक.’ घराचं माप यासाठी की झिजलेला इंपेलर मोजला तर व्यास कमी भरतो आणि नवा कमी मापाचाच येतो. नायट्राइलचा इंपेलर स्वस्त म्हणून घेऊ नये. तो बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचलेल्या, तेलकट पाण्यासाठी असतो. आलेला माल हातात घेऊन पाकळी वाकवून बघा. मुळाशी बारीक भेगा दिसल्या तर तो वर्षानुवर्षं दुकानात पडलेला आहे, परत करा.

पंपाचं बाकी सगळं नागपुरात आहे. बेअरिंगवर नंबर असतोच. ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४०, जाडी १२ मि.मी., ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. ऑइल सीलही तीन मापांवर मिळतं. शाफ्टला सीलच्या जागी चर पडला असेल तर नवं सील घालून उपयोग नाही. लेथवर स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट करून घ्या. झाकणावरच्या रेघांसाठी ते उलटं करून लावता येतं, किंवा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासता येतं. झाकणाचं गॅस्केट पाव मिलिमीटरच्या आसपासच्या कागदाचं हवं. जाड शीटचं कापलं की इंपेलर आणि झाकण यांच्यामध्ये फट राहते आणि पंप पाणी ओढत नाही. पंपाच्या मानेखाली एक छोटं भोक असतं. तिथून पाणी ठिबकलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल ठिबकलं तर ऑइलचं. ते भोक एम-सीलने बुजवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. तसं केलं की पाणी बेअरिंगमधून थेट सम्पमध्ये जातं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं.

सक्शनच्या बाजूला रेडिएटरचा साधा होज लावू नये, ओढीने तो आतून चिकटतो. तारेचा होज हवा. आणि किनाऱ्यावरून जस्ताचे अॅनोड (बोटीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे तुकडे) मागवणं थांबवा. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. बोटीच्या तळाला आपल्याकडे मॅग्नेशियमचा अॅनोड लागतो.

पाण्याच्या जॅकेटचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खरोखरच मिळत नाही, हे मान्य. तो बनवून घेण्याचे दोन मार्ग आहेत. ओतकाम करायचं तर जुन्या मॅनिफोल्डचाच साचा म्हणून वापर करू देऊ नका. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, गनमेटल दीड टक्क्याच्या आसपास. ३०० मि.मी. लांबीचा मॅनिफोल्ड ३ मि.मी. आखूड येतो आणि शेवटचे दोन स्टड बसत नाहीत. मग कुणीतरी भोकं कानशीने लांबवतो आणि तिथूनच वाफ सुटते. लाकडी पॅटर्न आकसणं धरून करायला हवा, घासण्याच्या बाजूंवर २ ते ३ मि.मी. जास्तीचे ठेवून. आतल्या जॅकेटचा कोअर (पोकळीचा साचा) अवघड असतो, म्हणून एक-दोन नगांसाठी दुसरा मार्ग बरा : जाड फ्लँज प्लेट, त्यावर पाइप आणि त्याभोवती वेल्डिंगने पाण्याचं कवच. वेल्डिंगनंतर फ्लँजची बाजू मिलिंगवर सपाट केलीच पाहिजे, कारण ती वाकणारच. हिंगणा एमआयडीसीत दोन्ही कामं होतात. ताबा घेण्याआधी सगळी तोंडं बंद करून पाण्याने २ बार दाब द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसा. जॅकेटला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तर बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये रात्रभरात पाणी उतरतं, आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. ही अट मागणीपत्रात लिहिलेली असावी, तोंडी नको.

हीट एक्स्चेंजर रेडिएटरवाल्याकडे द्या. आपल्या जड पाण्याने नळ्यांत चुना बसतो, तो सौम्य आम्लाने निघतो. गळकी नळी दोन्ही टोकांना बंद करता येते. दहातली एक बंद झाली तरी चालतं, त्याहून जास्त झाल्या तर बंडल बदला.

पेट्रोलचं इनबोर्ड इंजिन असेल तर तिथे मात्र गाडीचा पार्ट चालेल हे डोक्यातून काढा. बोटीच्या पोटात पेट्रोलची वाफ साचते. गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा डिस्ट्रिब्युटर आतली ठिणगी बाहेर येऊ देतो. मरीनचा देत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो महाग असतो. डिझेलला ही अडचण नाही, पण जुन्या २४ व्होल्टच्या बऱ्याच इंजिनांवर अर्थिंगची तार वेगळी काढलेली असते, ती बघावी.

गिअरबॉक्सची पाटी उतरवताना रेशो विसरू नका, आणि डॅम्पर प्लेट मागवताना स्प्लाइनचे दात, बाहेरचा व्यास आणि बोल्टवर्तुळाचा व्यास हे तिन्ही द्या. गिअरबॉक्स किंवा माउंट बदलल्यावर फ्लँज जुळवणं बोट पाण्यात उतरवून एक दिवस गेल्यावरच करायचं, कारण जमिनीवर टेकवलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. १०० मि.मी.च्या फ्लँजला चारही बाजूंनी फीलर गेजचा फरक ०.१ मि.मी.च्या आत यावा. स्टर्न ग्लँडच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाच्या) दोरीची जाडी काढणं सोपं आहे : ग्लँडचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन. ५४ आणि ३८ असेल तर ८ मि.मी. दोरी गुंडाळत न नेता वेगवेगळ्या कड्या कापून, सांधे एकाखाली एक न येतील असे घालायच्या. चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत. एकही थेंब पडत नसेल तर शाफ्ट जळतो आहे.

कागदाची बाजू. तुमच्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. मागणीपत्राच्या नमुन्यात ‘वर्णन’ या एका रकान्याऐवजी इंजिन क्रमांक, पार्ट किंवा ओतकाम क्रमांक, मापे आणि फोटो असे रकाने करा. जुना पार्ट उघडून बघण्याची मुभाही दर देणाऱ्याला द्या. दुसरं, ‘ओरिजिनल’ या शब्दाऐवजी ‘मापास व धातूस जुळणारा’ असं लिहा. ज्या इंजिनाचं उत्पादन बंद झालं आहे त्याचा ओरिजिनल पार्ट मागितला की खोका ओरिजिनल येतो आणि आतला माल कुणाचा ते देव जाणे. तिसरं निर्लेखनाचं. बोट भंगारात देताना इंजिन तिच्यासोबत किलोवर जातं, आणि सहा महिन्यांनी शेजारच्या जलाशयावरच्या तशाच इंजिनासाठी मॅनिफोल्डची निविदा निघते. लिलावाआधी मॅनिफोल्ड, एक्स्चेंजर, रॉ वॉटर पंप, गिअरबॉक्स, फ्लायव्हील हाउसिंग, माउंट आणि सगळे ब्रॅकेट उतरवा, ग्रीस लावा, पेटीवर इंजिन क्रमांक रंगवा. त्यासाठी मिस्त्री आणि मदतनीस असे दोघे एक दिवस पुरतात. जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांची अशी एकच यादी असली तर पेंचची पेटी खिंडसीला उपयोगी पडेल.

पार्ट नाही म्हणून अख्खं इंजिन बदलायचं ठरवत असाल तर फक्त त्याची किंमत धरू नका. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू झाल्यापासून १९१७ चा कायदा गेला आहे. ताकद बदलली की नोंदणी आणि तपासणीचं काम निघतं. त्याशिवाय नवा बेड, नवा शाफ्ट, बहुधा नवा प्रोपेलरही.

नमुना बदलायला वेळ लागेल हे आम्हाला कळतं. तोवर प्रत्येक बोटीमागे दोन इंपेलर आणि दोन गॅस्केट घेऊन ठेवा, उन्हापासून दूर, पाकिटावर तारीख घालून. आणि पावसाळ्यात बोट ओढून ठेवली असेल तर पंपातला इंपेलर आजच काढा. चार महिने कॅमखाली दबलेली पाकळी नंतर सरळ होत नाही.

आपले,
जुन्या डिझेल इंजिनांवर काम करणारे नागपुरातील काही मिस्त्री, लेथवाले आणि पंपवाले